स्टँडअपला गादीच्या खुर्च्या!

हिंजवडीहून सुटलेली मंडळी कट्ट्यावर टेकली, कटिंग आला आणि विषय निघाला रोजच्या स्टँडअपचा, म्हणजे टीमने उभ्या-उभ्या कामाचा आढावा घ्यायच्या छोट्या मीटिंगचा.

मकरंद तापलेला. "सगळ्या मीटिंगा उडवा. शॉपिफायने, त्या ऑनलाइन दुकानांचं सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीने, जानेवारी २०२३ मध्ये तीन आणि त्याहून जास्त माणसांच्या रिकरिंग, म्हणजे ठरल्या वारी आपोआप परत येणाऱ्या, मीटिंगा कॅलेंडरवरून पुसल्याच ना?"

"पुसल्या. आणि परत घालायच्या आधी दोन आठवडे थांबा म्हणाले," स्मिता म्हणाली. "मेख तिथे आहे. नुसतं उडवलंस तर सोमवारी तेच इनव्हाइट पुन्हा हजर."

अनिकेतला एवढी आरडाओरड पटेना. "अरे, पंधरा मिनिटांचा तर स्टँडअप!"

"कागदावर," स्मिता म्हणाली. " स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे या कामाच्या पद्धतीच्या नियमपुस्तिकेत, १५ मिनिटं आणि टीम साधारण दहाच्या आतली. इथे बारा जण चाळीस मिनिटं बसतात. कर गुणाकार: ४८० मिनिटं. एका माणसाचा आख्खा दिवस, तोही रोज."

"मग लांबतो कशाने?"

"प्रत्येक जण मॅनेजरकडे तोंड करून हजेरी देतो म्हणून. काल हे केलं, आज ते करणार, इथे अडलंय. हे तीन प्रश्न गाइडने २०२० मध्ये काढूनही टाकले, आपल्याकडे आरती चालूच. त्यापेक्षा कामं रकान्यांत मांडलेला बोर्ड उघडायचा आणि उजवीकडून सुरुवात करायची. संपत आलेलं तिकीट, म्हणजे काम, आधी, ते कशाला अडलंय एवढंच विचारायचं. नीट चाललंय त्यावर भाषण नको. दोघं उपाय काढायला लागले की त्यांना मागे थांबवायचं, बाकीच्यांना सोडायचं."

(नाव स्टँडअप आणि बसायला गादीच्या खुर्च्या, हेही आपल्याकडेच.)

"आणि बाकीचं चॅटवर लिहा म्हणशील," अनिकेतने टोचलं. "तिथे ऐंशी रिप्लाय पडतात आणि निर्णय शून्य."

हे मात्र स्मिताने मान्य केलं. "खरंय. तीन फेऱ्यांत सुटलं नाही की दहा मिनिटांचा कॉल लावायचा. पण फोन ठेवायच्या आधी कोण, काय, कधीपर्यंत हे त्याच थ्रेडवर टाकायचं. नाहीतर गुरुवारी तोच कॉल परत. आणि रिकरिंग इनव्हाइटला शेवटची तारीख हवीच, आठ आठवड्यांची. ज्याला गरज असेल तो नव्याने पाठवेल."

"आणि न्यूयॉर्कचा कॉल?" मकरंदचं खरं दुखणं हे होतं. "उन्हाळ्यात साडेसहाला, थंडीत साडेसातला. घरी पोचायला दहा."

"इनव्हाइट तिकडच्या माणसाने सकाळी नऊचं केलंय ना? नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर मागे जातं, आपण फरफटतो. तेच इनव्हाइट भारतीय वेळेच्या टाइमझोनमध्ये कर. आपले साडेसहा कायम राहतील, थंडीत त्यांना आठला उठून बसावं लागेल."

"आठला तिकडे कोण येणार? त्यांचा मॅनेजर बोंब मारेल."

"मारू दे, मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचं घड्याळ परत पुढे जाईपर्यंत."