आधी खड्डे बुजवा म्हणे

शाळेच्या ग्रुपवर परवा एकानं सायकल सहलीच्या वाटेचा नकाशा टाकला. नाशिकच्या गंगापूर धरणाच्या कडेनं गिरणारे, तिथून दिंडोरीच्या अंगानं द्राक्षबागांतून सायकलची वाट, मध्ये शेतकऱ्यांच्या मळ्यात मुक्काम, गाईड नाही, मोबाईलवर रूट, सामान टेम्पोतून पुढे. झालं, सुरू! आधी गावातले खड्डे बुजवा, हे गोऱ्यांचे लाड आहेत, वाईन ढोसून सायकली हाणणार का, आणि मी चांगलं म्हणाले तर खास माझ्यासाठी, तिकडे बसून बोलायला काय जातंय.

मी जर्मनीत ट्रिअरला राहते. इथून कोब्लेन्झ शहरापर्यंत मोझेल नदीच्या काठानं साधारण २०० किलोमीटर सायकलवाट आहे, सत्तरीची जोडपीसुद्धा सावकाश करतात, बॅगा हॉटेलवाला पुढच्या गावी पोचवतो. कंटाळा आला की मी नऊनंतरच्या रिजनल ट्रेनमध्ये सायकल टाकून घरी येते. बाई एकटीच आहे म्हणून कोणी वळून बघत नाही.

पण खड्ड्यांचं वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते ऐकायला बरोबर वाटतं आणि त्यानं सगळंच थांबतं. अरे, इथल्या द्राक्षबागांमधल्या कितीतरी वाटा टुरिस्टसाठी बांधलेल्या नाहीत, ट्रॅक्टरसाठी बांधल्यात. शेतकऱ्याची पक्की वाट, मोटारींना बंदी, सायकलला मुभा. आपल्याकडे पाणंद रस्ते आहेतच की! २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली ती कशासाठी, शेतातला माल बाहेर निघावा म्हणूनच ना? पाणंद पक्की झाली तर द्राक्षाचे क्रेट गचके न खाता बाहेर येतील आणि त्याच वाटेनं सायकलही जाईल. म्हणजे रस्ता आधी की सायकल आधी हे भांडणच नाही, तुम्ही ते लावताय.

वाईनचं म्हणाल तर इथं सायकलवाल्यालाही रक्तातली दारू १.६ प्रॉमिलच्या, म्हणजे हजारात १.६ भागाच्या, वर गेली की गुन्हा लागतो, त्यामुळे लोक दुपारी एक ग्लास घेतात आणि पुढे जातात. आपल्याकडे वाईन म्हटलं की लगेच संस्कृती बुडते. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला तेव्हाचा गदारोळ आठवा. आणि नाशिकचे बहुतेक बागाईतदार वाईनसाठी पिकवतच नाहीत, खायची द्राक्षं पिकवतात, एक्स्पोर्ट करतात. वायनरीसमोर शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते त्यातून शेजारच्या मळेवाल्याला काय मिळतं? धूळ. सायकलवाला मात्र वीस-तीस किलोमीटरवर थांबतो, त्याला पाणी लागतं, जेवण लागतं, रात्री अंथरूण लागतं, आणि हे पैसे थेट मळ्यात जातात. इथं द्राक्षवाला वर्षातले चार महिने अंगणात बाकडी टाकून घरचीच वाईन आणि साधं खायला विकतो, चाळीस माणसं बसतील एवढीच जागा, हॉटेलचं लायसन लागत नाही. आपल्याकडे वाईन नको तर नको, पिठलं-भाकरी आणि द्राक्षाचा रस द्या.

फवारणीचा मुद्दा एकानं काढला तो मात्र खरा आहे. डाऊनी, भुरी या द्राक्षावरच्या बुरशीरोगांची औषधं मारली की परक्या माणसानं बागेत शिरणं बरं नाही, एक्स्पोर्टवाल्याला तर रेसिड्यूची, फळावर उरलेल्या औषधाची, धास्ती असते. पण वाट बांधावरून जाते, मांडवाखालून नाही. आणि फवारणीच्या दिवशी दुसरी पाणंद दाखवायची, एवढं फोनवर कळवता येतंच.

कोण सायकल चालवणार म्हणता? २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पार करणारे महाजन डॉक्टर बंधू नाशिकचेच. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. अजून एक, ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की जानेवारी ते मार्च आपल्या बागा घडांनी लगडलेल्या असतात, पहाटे गारवा असतो, आणि तेव्हा इथं मोझेलवर नुसती काळी खोडं उभी असतात. मोझेलकाठच्या काल्मोंटच्या उभ्या कड्यावरच्या बागा जगभर मिरवतात, पण जानेवारीत तिथं बघायला दगडच. तेव्हा नाशिकएवढं देखणं मला दुसरं काही आठवत नाही, आणि हे मी घरची ओढ म्हणून म्हणत नाहीये.

बरं, थोडं म्हणतेय. तिकडे बसून बोलते हे वाक्य मला लागलं. इथं मला प्रत्येक गावाचं नाव येतं, कुठल्या फाट्यावर चढ आहे ते पायांना माहितीये, आणि माझं लहानपण जिथं गेलं तिथं गिरणाऱ्यापुढच्या वाटा मी कधी पायाखाली घातल्याच नाहीत, कारण मुलींनी एवढ्या लांब सायकल न्यायची नसायची. नाशिकला आले की सोफ्यावर बसवतात, चिवडा पुढे करतात, कोणी तरी गाडीनं फिरवून आणतं. मला ते नको झालंय. मला माझ्या गावात स्वतःच्या पायानं जायचंय, वाट चुकायचीय, कोणाच्या तरी ओट्यावर पाणी मागायचंय. म्हणून त्या नकाशाचा मला एवढा पुळका, लपवत नाही.

नकाशा टाकणाऱ्याला मी मेसेज केलाय. जानेवारीत येतेय, सायकल भाड्यानं घेईन. दिंडोरीकडचा कोणी बागाईतदार एक खोली द्यायला तयार असेल तर कळव, पैसे बाहेरच्या माणसाला लावतील तेच, आणि पाणंदीचा फोटो पाठव, चिखल असला तरी.