राजधानी बघायची तर सायकल काढा, आणि तिथी बघून काढा

अलिबागला येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांना आपण आंग्र्यांच्या राजधानीत येऊन गेलो हे परत जातानाही माहीत नसतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. शनिवारी वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड अशी रांग काढत यायचं, समुद्राजवळ गाडी लावायला जागा शोधत फिरायचं, किल्ल्याला पाठ करून फोटो काढायचे, मासे खायचे, रविवारी पुन्हा त्याच रांगेत. यात पाहुण्यांचा दोष मी कमी मानते. गावाने त्यांना दुसरं काही दाखवलंच नाही.

मी इथलीच आहे. संध्याकाळी सायकल काढून गावातून समुद्राकडे जाणं ही माझी कित्येक वर्षांची सवय. त्यावरून बनलेलं माझं ठाम मत असं की ही राजधानी सायकलच्याच वेगाने कळते आणि दिवस मावळतानाच कळते. गाडीतून ती दिसत नाही, कारण तिच्या खुणा शे-दोनशे पावलांवर विखुरल्या आहेत आणि गाडी तिथे थांबवता येत नाही. भर दुपारी दिसत नाही, कारण समोर नुसतं पांढरं ऊन असतं आणि किल्ला त्यात विरघळून जातो.

समोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवलं, ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांनी इथून कारभार केला. मुंबईत इंग्रज, चौलच्या तोंडावर रेवदंड्यात पोर्तुगीज, दंडाराजपुरीत सिद्दी, आणि या तिघांच्या मधोमध हे ठाणं. समुद्रावर आमचा परवाना घेऊनच जहाज हाकायचं, हा कान्होजींचा आग्रह आणि इंग्रजांशी भांडणाचं मूळ तेच. इंग्रजी कागदांनी त्यांना चाचा, म्हणजे समुद्रावरचा लुटारू, ठरवलं. स्वतःच्या किनाऱ्यावर जकात मागणारा माणूस चाचा कसा, हा प्रश्न मला शाळेपासून पडतो. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून या गावावर चालून आले. बाजीराव पेशवे कुमक घेऊन आले आणि ती मोहीम फसली. आज जिथे गोळेवाले उभे असतात, त्या किनाऱ्यासमोर हे सगळं घडलं.

आता मावळतीचं सांगते, कारण इथे नुसतं घड्याळ बघून भागत नाही.

ही राजधानी दोन भागांत वसली. दरबार पाण्यात आणि बाजारपेठ जमिनीवर. मधली वाट समुद्र देईल तेव्हाच. म्हणून सायकल काढण्याआधी मी पंचांगातली तिथी बघते. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठचे पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारकडे आणि सहाएक तासांनी, नेमकी दिवेलागणीला, ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण फिरायला एवढा अंदाज पुरतो.

याचा अर्थ असा की अलिबागची मावळती एक नाही, दोन आहेत. अष्टमीच्या आसपास गेलात तर किल्ला चहूबाजूंनी पाण्यात असतो. भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, पण वाट पूर्ण बुडालेली असते. तेव्हा कळतं की शत्रूला हे ठाणं घेणं एवढं अवघड का गेलं. तोफा ओढत आणाल, पण पुढे काय? आणि पौर्णिमेला जाल तर पाणी दूर ओसरलेलं, खडक उघडे पडलेले, किल्ल्यापर्यंत माणसं चालत जाताना-येताना दिसतात. समोर सूर्य बुडत असतो आणि पाठीमागे सागरगडाच्या बाजूने चंद्र वर येत असतो. आंग्र्यांचा सागरगडही त्यांच्या मुलखाचा पहारेकरी होता, त्यामुळे त्या घटकेला एका ठिकाणी उभं राहून राज्याची पुढची आणि मागची बाजू दोन्ही दिसतात. मला याहून चांगला इतिहासाचा तास माहीत नाही.

ऋतूही बघा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि किल्ल्याच्या जवळ उतरतो. मे महिन्यात तोच पार वरसोलीच्या बाजूला सरकलेला असतो. डिसेंबर-जानेवारीतली अमावास्या-पौर्णिमा साधली, तर तटाची काळी कड आणि लाल आभाळ एकाच नजरेत येतं.

एक मात्र कळकळीने सांगते. मावळतीला किल्ल्यात असू नका. किल्ला दिवसा, ओहोटी लागतानाच बघून घ्या. रघूजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ, त्याच्या शेजारची पुष्करणी, आणि तटाचे ते प्रचंड दगड, ज्यांच्या सांध्यात चुना नाही. फटींतून पाणी आत शिरतं आणि लाटेचा जोर तिथेच मोडतो. हे सगळं उजेडात बघायचं. उधाणाच्या दिवसांत पाणी परत फिरलं की झपाट्याने चढतं आणि अंधारात खडक दिसत नाहीत.

गावातला फेरा मी साडेचारच्या पुढे सुरू करते. आधी हिराकोट. तळ्याच्या काठचा हा भुईकोट कान्होजींनी १७२० मध्ये बांधला आणि आज त्यात तुरुंग आहे. आत जाता येत नाही, पण सायकल टेकवून त्या काळ्या भिंतीकडे बघत राहता येतं. तिथून कान्होजींची समाधी. ४ जुलै १७२९ ला ते गेले. पुढे मुलांमध्ये फूट पडली, संभाजी विजयदुर्गाला, मानाजी कुलाब्याला, आणि एका आरमाराची दोन झाली. समाधीपाशी मी प्रत्येक वेळी थांबते. बाजारातली गर्दी बाजूने वाहत असते आणि आत बहुधा कोणी नसतं.

मग इस्राएल आळी. मागेन अबोथ सिनेगॉग आणि भोवतालची जुनी घरं. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं त्यांची परंपरा सांगते. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली. घरात मराठीच बोलायचे. अलिबाग हे नावही त्यांच्यातल्या अली नावाच्या बागाईतदारावरून पडलं असं जुनी माणसं सांगतात. राजधानी म्हणजे नुसते तट आणि तोफा नसतात, कोण कोण तिच्या आसऱ्याला राहिलं तेही असतं.

शेवटी समुद्राजवळची, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी चुंबकीय वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मुंबईतल्याच कुलाबा भागातल्या वेधशाळेतली नाजूक मोजमापं बिघडणार, म्हणून ती १९०४ मध्ये इथे आली. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. इमारतीत लोखंड चालणार नाही, असा त्यांचा कटाक्ष. आंग्र्यांचं राज्य १८४० च्या सुमाराला कंपनीने खालसा केलं होतं, राजधानीचं जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं, आणि तरी जगाला उपयोगी पडेल असं काही या गावात येऊन रुजलं. मला त्याचा अभिमान आहे.

हा सगळा फेरा आरामात, थांबत थांबत केला तरी मावळतीच्या आधी वाळूवर पोचता येतं. जाताना वारा तोंडावर येतो, परत येताना तोच पाठीवर. ओहोटी असेल तर ओल्या, घट्ट वाळूवरून वरसोलीपर्यंत सायकल मस्त जाते, कोरड्या वाळूत मात्र चाक रुततं. घरी आल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्या. खारं पाणी एका पावसाळ्यात सायकल खाऊन टाकतं. मागे लाल दिवा लावाच, मिनीडोअर रिक्षावाल्यांना अंधारात सायकल दिसत नाही.

२०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात आमच्या थळसमोरचा खांदेरी आहे, आनंदच आहे. कुलाबा नाही. मान मिळाला नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं का? आपल्या हातातलं तरी करू.

माझ्या मागण्या साध्या आहेत. शनिवार-रविवार संध्याकाळी चार ते आठ बाजारपेठेपासून समुद्रापर्यंतचा रस्ता मोटारींना बंद ठेवावा, घोडागाड्या चालू द्याव्यात, त्यांची पोटं त्यावर आहेत. पाहुण्यांच्या गाड्या गावाबाहेर लावाव्यात आणि तिथेच भाड्याने सायकली मिळाव्यात, म्हणजे गावातल्या पोरांनाही चार पैसे मिळतील. किनाऱ्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेला फळा हवा. वाळूवर धुरळा उडवत फिरणाऱ्या मोटारगाड्या मावळतीच्या वेळी तरी थांबवाव्यात.

आणि अधूनमधून कानावर येतं की किल्ल्यापर्यंत पूल व्हावा, म्हणजे पर्यटन वाढेल. माझा याला साफ विरोध आहे. ओहोटीची वाट बघावी लागणं हाच या राजधानीचा दरवाजा आहे. तो शिवकाळात होता, आंग्र्यांच्या काळात होता, इंग्रजांनाही तो मोडता आला नाही. तुम्हाला पटत असेल तर खाली लिहा, पटत नसेल तर कारणासकट लिहा. नगरपालिकेला द्यायचं निवेदन मी तयार करते आहे, सही करायची असेल त्यांनी मेसेज करावा.