हेडसेट उघडण्याआधी धुळीचा हिशेब शिकून घ्या

व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा, आभासी जग दाखवणारा चष्मा) बंद पडला की आपल्याकडे दोनच वाटा. एक तर तो कपाटात जातो, नाहीतर मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर जाऊन पाच मिनिटांत उघडला जातो. दोन्ही चूक आहेत असं माझं ठाम मत आहे आणि दुसरी वाट जास्त महागात पडते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हाताला कसब असलेली माणसं भरपूर आहेत. बोर्डावर बारीक सोल्डर धरणारे आहेत, केसाएवढी पट्टी न फाडता काढणारे आहेत. पण हेडसेटला त्या कसबासोबत कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याची स्वच्छता लागते आणि तिथंच घोडं पेंड खातं.

कारण साधं आहे. मोबाइलचा पडदा आपण हातभर लांबून बघतो, त्यामुळे काचेखाली एखादा कण राहिला तरी दिसत नाही. हेडसेटमध्ये तोच पडदा भिंगातून मोठा होऊन डोळ्यासमोर येतो. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये एका डोळ्यासमोर १८३२ गुणिले १९२० ठिपके (पिक्सेल) असतात आणि डोक्याचा साधा केस साधारण दोन ठिपक्यांइतका जाड असतो. पॅनेलवर, म्हणजे या आतल्या पडद्यावर, केसाचा तुकडा पडला तर तो समोर काठीसारखा उभा राहतो. हेडसेट चालू होऊनही मग घालवत नाही.

म्हणून उघडायच्या आधी डाग कुठला आहे ते ओळखा. पूर्ण पांढरं चित्र लावा, एक डोळा मिटा आणि बघा. डाग धुरकट, कडा विरघळलेल्या दिसत असतील तर तो भिंगावर आहे, बाहेरूनच निघतो. डाग दगडासारखा टोकदार दिसत असेल तर तो पॅनेलवर आहे. क्वेस्ट २ मध्ये आणखी एक खूण मिळते. त्यात एकच पॅनेल पक्कं बसवलेलं असतं आणि भिंगं तेवढी ५८, ६३, ६८ मिलिमीटर अशा तीन जागी सरकतात. भिंग सरकवल्यावर डाग भिंगासोबत सरकला तर तो भिंगावर आहे, जागच्या जागी राहिला तर पॅनेलवर. क्वेस्ट ३ मध्ये दोन पॅनेल आपापल्या भिंगासोबत सरकतात, त्यामुळे तिथं ही खूण चालत नाही. तिथं धुरकट की टोकदार एवढंच बघायचं. आणि डाग टोकदार असून पिवळसर किंवा कोळपल्यासारखा असेल तर ती धूळ नाहीच, उन्हाने जळलेलं पॅनेल आहे. ते पुसून जात नाही. पॅनेल बदलणं हाच उपाय.

या उन्हाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात हा प्रकार पावसाळ्यातच जास्त होण्यासारखा आहे. तरण्या-म्हाताऱ्या पावसात घरात इतकी ओल असते की कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी धरते. जांबोटी-कणकुंबीकडं तर बोलायलाच नको. हेडसेटच्या फोमला वास येतो, भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. मग एखाद्या दिवशी पावसाने उघडीप दिली की गोधड्या, मसाले, पापडांबरोबर हेडसेटही अंगणात वाळत पडतो. संपला तिथंच. हेडसेटमधलं पॅनेल भिंगाच्या जवळपास नाभीवरच बसवलेलं असतं, तरच डोळ्याला चित्र लांबवर आहे असं वाटतं. आता उलट विचार करा. सूर्याचे किरण लांबून येतात, त्याच भिंगातून आत जातात आणि नेमके पॅनेलवर एका टिकलीएवढ्या जागेत गोळा होतात. भिंगाने कागद जाळायचा जो खेळ पोरं खेळतात, तोच इथं होतो. पॅनेलवरचा ध्रुवीकरणाचा थर आणि आतलं लिक्विड क्रिस्टल भाजायला तास लागत नाहीत, काही सेकंद ते एखादं मिनिट पुरतं. हेडसेट बंद असला तरी जळतो. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि सकाळचं तिरपं ऊन आत आलं तरी जळतो. गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नका.

ओल काढायची असेल तर फोम किंवा सिलिकॉनचं कव्हर तेवढं काढून सावलीत, वाऱ्याला टाका. हेडसेट मात्र हवाबंद डब्यात ठेवा. दहा-बारा लिटरच्या डब्यात १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ठेवायचं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असला की बुरशी धरत नाही. जेल नारिंगी ते हिरवा रंग बदलणारं घ्या. निळं-गुलाबी जेल कोबाल्टमुळे रंग बदलतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवायचं नाही. ओलं झालेलं जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा वापरता येतं. मोबाइल भिजला की तांदळात पुरायची सवय इथं आणू नका. तांदळाची भुकटी हेडसेटमधल्या पंख्याच्या जाळीतून आत जाते आणि भिंगामागे बसली की ती काढायला अख्खा हेडसेट उघडावा लागतो.

भिंग पुसण्यात सर्वात जास्त नुकसान होतं. ही भिंगं बहुतेक प्लॅस्टिकची असतात. थिनर आणि अ‍ॅसिटोन ती विरघळवतात. टेबलावर असतंच म्हणून स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं तर थर उतरतो आणि कधीकधी बारीक तडे जातात. कोरडं, स्वच्छ, चष्म्याचं मायक्रोफायबर कापड घ्या. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा, नाहीतर तीच धूळ कापडाखाली घासली जाते. मग मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर या. क्वेस्ट २ च्या फ्रेनेल भिंगावर गोल खाचा असतात, आडवं पुसलं की कापडाचे तंतू त्यांत अडकतात. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे थेंब बसतात. उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये हाताशी कॉम्प्रेसर असतो, पण तो मोह टाळा. सहा-सात बारच्या त्या हवेत तेल आणि पाणी असतं, ती धूळ बाहेर काढण्याऐवजी भिंगामागे ढकलते आणि आतला छोटा पंखा गरगर फिरवून त्याचं बेअरिंग खराब करते. ग्राइंडिंगच्या जवळ तर हेडसेट उघडूच नका. लोखंडाची भुकटी स्पीकरच्या चुंबकाला चिकटते, मग तो खरखरतो आणि ती सहजासहजी निघत नाही.

आता चालूच होत नाही ही तक्रार. इथंही स्क्रूड्रायव्हर शेवटी. आधी दुसरी केबल आणि चांगला चार्जर लावा आणि मध्ये यूएसबी मीटर घाला. ५ व्होल्ट दिसतात पण अँपिअर शून्य, आणि बॅटरी भरलेली नाही हे नक्की असेल, तर टाइप-सी पोर्ट बघा. त्यात कापसाचा पुंजका असतो किंवा पिन हिरवी पडलेली असते. लाकडी दातकोरणीने, हेडसेट बंद करून, हळू काढा. सुई घालायची नाही. मीटरवर ०.१ ते ०.२ अँपिअर दिसत असेल तर बॅटरी पार उतरलेली आहे, तिला अर्धा-एक तास द्या. एक अँपिअर किंवा जास्त घेत असेल तर चार्जिंग ठीक आहे, अडचण पुढे आहे. मग पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. तरीही नाही तर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र धरून बूट मेनू आणा. त्यातल्या फॅक्टरी रीसेटने सगळा डेटा जातो, ग्राहकाला आधी विचारा.

आवाज येतो पण चित्र काळं, असं असेल तर दोन भिंगांच्या मध्ये असलेला प्रॉक्सिमिटी सेन्सर पुसा. त्याच्यावर घाम किंवा फोमचा चुरा बसला की हेडसेटला डोकं आत आहे हेच कळत नाही. सेन्सरवर बोट धरलं आणि पडदा उजळला तर मशीन ठणठणीत आहे.

हिरव्या पिनेचं कारण घाम. उड्या मारायचे खेळ खेळून लगेच ओल्या हेडसेटला चार्जर लावला की खारट पाणी आणि ५ व्होल्ट एकत्र येतात आणि धातू खाल्ला जातो. खेळ झाल्यावर कोरड्या कापडाने पुसून अर्धा तास थांबा, मग चार्ज करा.

उघडायचंच असेल तर खोली आधी तयार करा. छताचा पंखा बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, अर्धा तास कुणी हालचाल केलेली नाही, अंगात लोकरीचा स्वेटर नाही. छोटे टॉर्क्स आणि फिलिप्स, प्लॅस्टिकची पट्टी, रबरी ब्लोअर, अँटिस्टॅटिक पट्टा एवढं हवं. कागदावर हेडसेटचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावा. लांबी वेगवेगळी असते आणि मिलिमीटरभर लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की तो बोर्डात किंवा पॅनेलमध्ये घुसतो. पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढायचा, बाकी सगळं नंतर. रिबन (चपटी केबल) ओढायची नाही, लॅच (खटका) असेल तर ती उचलायची. उघड्या पॅनेलवर लगेच स्वच्छ झाकण ठेवायचं. हॉट एअर गन भिंगाच्या जवळ न्यायची नाही. आणि हेडसेटच्या बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या पट्ट्यांचे स्क्रू सैल करू नका. त्यांच्या एकमेकांशी असलेल्या जागा कारखान्यात मोजून नोंदवलेल्या असतात, थोड्या सरकल्या तरी ट्रॅकिंग, म्हणजे डोकं आणि हात कुठं आहेत ते ओळखणं, भरकटतं. बंद करण्याआधी बॅटरी जोडून पुन्हा पांढरं चित्र लावा, भिंगातून बघा, कण दिसला तर तेव्हाच उडवा. सगळे स्क्रू आवळल्यावर कण दिसला तर पुन्हा पहिल्यापासून.

बॅटरीचं थोडक्यात. पुढचं कव्हर फुगलेलं, फट पडलेली दिसली तर चार्जिंग थांबवा, दाबून बसवू नका. पत्र्याच्या वस्तूने उचकटू नका. क्वेस्ट २ ची बॅटरी ३६४० एमएएचची आहे. त्याच मापाची दुसरी मिळाली म्हणून लगेच लावू नका. लाल-काळ्याखेरीज तापमानाची तार असते, ती नसली किंवा चुकली तर चार्जिंग होत नाही. कनेक्टरची उलटसुलट मीटरने तपासूनच जोडा. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, वाळूच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याला द्या. हेडसेट महिनाभर वापरणार नसाल तर निम्मा चार्ज करून ठेवा.

ट्रॅकिंग उडतं म्हणून येणारे हेडसेट बरेचदा बिघडलेलेच नसतात. कॅमेऱ्याचं सेटिंग दिव्यांच्या लुकलुकीशी जुळावं लागतं. आपली वीज ५० हर्ट्झची, परदेशातून आणलेला हेडसेट कधीकधी ६० वर अडकलेला असतो, सेटिंगमध्ये ५० करा. कोऱ्या चुनकळी भिंतींवर कॅमेऱ्याला धरायला काही मिळत नाही, एखादं कॅलेंडर लावा. गणपतीत छोट्या बल्बांच्या माळा लागल्या की हातातले कंट्रोलर भरकटतात, कारण कंट्रोलरमधले इन्फ्रारेड दिवे आणि माळेचे ठिपके कॅमेऱ्याला सारखेच वाटतात. माळ बंद करून बघा. आणि कंट्रोलरमध्ये सेल गळला असेल तर पांढरा थर लिंबाच्या रसाच्या बोळ्याने काढा, मग पूर्ण वाळवा. तो थर अल्कली असतो, आम्लाने मरतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. हेडसेटचे पुर्जे आणि दुरुस्तीची पुस्तिका तिथं मिळायला हवी, आणि आपल्या भागासाठी ती मराठी आणि कन्नड दोन्हींत हवी, कारण टेबलावर काम करणारा पोरगा यांपैकीच एका भाषेत विचार करतो. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं (व्हीटीयू) मुख्यालय आपल्याच बेळगावात आहे, आयटीआय आहेत. एका बाकावर यूएसबी मीटर, ब्लोअर, धूळमुक्त झाकणी आणि खराब झालेला एक हेडसेट ठेवला तरी आठवडाभरात हे काम शिकवता येईल.

जुना क्वेस्ट २ विकत घेताय तर साठवण विचारा. ६४ जीबीचा असेल तर तो ऑगस्ट २०२१ च्या आधीचा आहे. तेव्हाच्या फोमने काही जणांच्या त्वचेला खाज येत होती आणि कंपनीने त्यावर सिलिकॉनचं कव्हर दिलं होतं. ते आहे का बघा. मग पांढरं चित्र लावून दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं तपासा.

आणि दुरुस्तीला देताना एवढं करा. भिंगाला मोबाइल लावून पांढऱ्या पडद्याचा फोटो काढा, डावा आणि उजवा वेगळा. सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या. परत घेताना त्याच जागेवरून पुन्हा दोन फोटो काढा आणि पैसे देण्याआधी चारही फोटो दुकानातच शेजारी ठेवून बघा.