तिस्कावरची चर्चा: गेम खेळणाऱ्याला नोकरी कोण देणार?

"बायोडेटात 'छंद: ऑनलाइन गेमिंग' दिसलं की तो कागद मी ढिगाच्या तळाला सारतो," सुशांतने जाहीर केलं. गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात माणसं निवडायचं काम त्याच्याकडे. फोंड्याच्या तिस्कावर, रोस ऑम्लेटच्या गाड्यापाशी आम्ही बसलेलो. रोहन तडकला.

"मग स्टीफन जिलेटला तू घेतलाच नसतास. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा संघ, चालवायचा तो. याहूत मोठ्या हुद्द्यावर होता, 2008 ला स्टारबक्सचा सीआयओ, म्हणजे माहिती तंत्रज्ञानाचा प्रमुख, झाला."

"गिल्ड चालवून मोठा झाला, की मुळात त्या लायकीचा होता म्हणून गिल्ड चालली?"

मुद्दा बिनतोड होता. मी 2007 चा अमेरिकेतला 33 सर्जनांचा अभ्यास पुढे केला: पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्यांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात 37 टक्के कमी चुका. पण ज्यांचा हात आधीपासूनच सफाईदार, तेच गेमकडे वळले नसतील कशावरून?

प्रमोददा, बोटीवरून सुट्टीवर आलेला, म्हणाला, "हे सगळं बंद झालं ना रे?" बंद झाले ते पैसे लावायचे गेम, 2025 च्या कायद्याने. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्याने मान्यता दिली. (मांडवीतले कसिनो अर्थातच जागेवर आहेत.)

"बोटं भरभर चालतात याची नोकरी कोण देतो मरे?" सुशांत.

"बोटांचं सोड," रोहन म्हणाला. "2019 ला वॉरक्राफ्टची जुन्या रूपातली 'क्लासिक' आवृत्ती आली, त्यात मी गिल्ड सांभाळली. एका मोहिमेला 40 जण. राक्षस पडला की हाती येणार दोन-तीन वस्तू. कोणाला द्यायच्या?"

मग त्याने गुणांची पद्धत सांगितली. हजर राहिलं की गुण जमा. वस्तू हवी तर ते खर्चायचे. देवळातल्या पावणीसारखी, म्हणजे लिलावासारखी, बोली, फक्त पैशांऐवजी हजेरी. सगळा हिशेब एक्सेलमध्ये, सर्वांना उघडा. तरी जुने लोक गुण साठवून बसायचे, नव्यांना काहीच मिळेना. मग न वापरलेले गुण दर आठवड्याला थोडे घटवायचा नियम केला. त्यावर दोघे भांडून गेले, एकाला समजावून परत आणला. पगार कोणालाच नाही, त्यामुळे धाक दाखवायची सोय नाही. माझ्या मते खरं शिक्षण इथेच. एकटा बसून गोळ्या झाडणाऱ्याला ते मिळत नाही.

"हे लिही ना मग बायोडेटात!"

"तळाला सारलेला कागद वाचतोस तू?"

सुशांतने ते कानाआड केलं. "आणि मोहीम अर्धवट टाकून कोणी गेला तर?"

"गुण कापायचे. पण आधी फोन करून विचारायचं, घरी काय झालं ते."