छोट्या व्यवसायाची वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता आली पाहिजे, आणि हे छोट्यांनाच सोपं आहे

‘आमचा व्यवसाय छोटा, हे सगळं मोठ्या कंपन्यांनी करायचं.’ दिव्यांग ग्राहकाला तुमची वेबसाइट वापरता येते का, असं विचारलं की हे उत्तर हमखास मिळतं. मला ते अजिबात पटत नाही. मोठ्या कंपनीची हजारो पानं असतात, दहा विभाग असतात, एक बटण हलवायलाही मंजुरी लागते. तुमची पानं पाच-सात, फॉर्म एखादा, आणि निर्णय घेणारे तुम्ही स्वतः. आज ठरवलंत तर यातली बरीच कामं याच आठवड्यात होतील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे साधारण सहांत एकाला. शिवाय हात प्लॅस्टरमध्ये असल्यामुळे महिनाभर माउस धरता न येणारा माणूसही असतोच. हे सगळे ग्राहक आहेत. त्यांच्यावर उपकार करायचे नाहीत, त्यांना आपलं काम स्वतःचं स्वतः उरकता आलं पाहिजे एवढंच.

सुरुवात कुठून करायची? माउस बाजूला ठेवा. फक्त टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळा वापरून स्वतःच्याच साइटवर एक ऑर्डर देऊन बघा. आपण आत्ता कोणत्या दुव्यावर आहोत हे दाखवणारी चौकट दिसते का? अनेकदा ती ‘बरी दिसत नाही’ म्हणून कोडच्या एका ओळीने घालवलेली असते. मेन्यू फक्त माउस नेल्यावरच उघडतो का? मधेच आलेली जाहिरातीची खिडकी कीबोर्डने बंद होते का? कधीकधी ‘ऑर्डर द्या’ हे बटण नुसतं बटणासारखं रंगवलेलं असतं. कोडमध्ये ते बटण नसतंच, त्यामुळे टॅब तिथे थांबत नाही आणि ग्राहक शेवटच्या पायरीवर अडकतो.

सगळ्यात जास्त माणसं अडतात ती फॉर्मवर, असं माझं मत आहे. हल्ली रकान्याबाहेर नावच लिहीत नाहीत. आत फिकट अक्षरांत ‘मोबाइल क्रमांक’ असतं आणि टाइप करायला लागलं की तेही जातं. विस्मरणाचा त्रास असलेल्या माणसाला आपण काय भरत होतो तेच कळेनासं होतं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, रकान्याला लेबल जोडलेलं नसेल तर कित्येकदा नुसतं ‘मजकूर भरा’ एवढंच सांगतं. कसला मजकूर? अंध माणसाने तो ओळखायचा कसा? चूक झाली की रकाना लाल होतो, पण काय चुकलं ते कुठेच लिहिलेलं नसतं. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्याच्यासाठी काहीच झालेलं नसतं. ‘क्रमांकात एक अंक कमी आहे’ असं त्या रकान्यापाशीच शब्दांत लिहा, आणि तो संदेश कोडमध्येही त्या रकान्याला जोडून घ्या. वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र ओळखायला लावणारा कॅप्चा शक्यतो नकोच.

दरपत्रकाचा फोटो काढून तो तसाच साइटवर चढवणं हा दुसरा मोठा घोळ. स्क्रीन रीडरला त्यातलं अक्षरही वाचता येईलच असं नाही. दर साध्या मजकुरात लिहा. वस्तूंच्या फोटोंना पर्यायी मजकूर, म्हणजे फोटोऐवजी स्क्रीन रीडरने वाचून दाखवायचं वर्णन, द्या आणि त्यात ग्राहकाला उपयोगी तेच सांगा: ‘निळी सुती पिशवी, लांब पट्टा, पुढे चेन’. नुसत्या शोभेच्या नक्षीसाठी तो रकाना रिकामा सोडला तरी चालतो. पान मराठीत असेल तर कोडमध्ये भाषाही मराठीच नोंदवा, नाहीतर स्क्रीन रीडर चुकीच्या भाषेचा आवाज वापरू शकतो.

पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं कृपा करून बदला. वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. त्यात सर्वाधिक आढळणारी चूक हीच असते. डब्ल्यूसीएजी या, वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या मधल्या, ‘एए’ पातळीनुसार साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ हवा. तो मोजणारी साधनं फुकट मिळतात. व्हिडिओ असेल तर त्यातलं बोलणं अक्षरांत दाखवणारी कॅप्शन द्या. संपर्कासाठी नुसता फोन नंबर देऊ नका, कर्णबधिर माणूस फोनवर बोलणार कसा? मेसेज किंवा ईमेलची सोय ठेवा.

आणि एका जाहिरातीपासून सावध राहा: ‘आमची एक ओळ कोडमध्ये टाका, साइट आपोआप सगळ्यांसाठी तयार.’ होत नाही. ज्या बटणाला नावच नाही, त्याचं काम काय हे बाहेरून बसवलेल्या यंत्रणेला खात्रीने कळत नाही. उलट अशी यंत्रणा कधीकधी ग्राहकाच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरलाच आडवी येते. असल्याच दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेने २०२५ मध्ये एका कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. तोच पैसा डेव्हलपरला देऊन मूळ कोड दुरुस्त करून घ्या.

तपासायला काही विकत आणावं लागत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, आणि विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. तरीही डोळस माणसाने डोळे मिटून केलेली तपासणी पुरेशी नाही. रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला साइट वापरायला द्या, शेजारी बसून सूचना न करता ऐका, आणि त्या वेळेचे रीतसर पैसे द्या. त्या वेळी साइटवर नवे फोटो आणि नवी पानं टाकणाऱ्यालाही सोबत बसवा, कारण पुढचे सगळे बदल त्याच्याच हातून होणार आहेत.