रॉकेटशिवाय उपग्रह? एका व्हायरल दाव्याची झडती

‘रॉकेटं कालबाह्य झाली. उपग्रह फुग्यानं वर न्या, नाहीतर तोफेनं किंवा गोफणीसारख्या फिरत्या यंत्रानं भिरकावा. इंधनाचा सगळा खर्च वाचेल,’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. कल्पना मलाही भुरळ घालतात, म्हणूनच त्यांची अशी अर्धवट मांडणी बघवत नाही.

‘उंची गाठली की काम झालं.’ २०१२ साली ऑस्ट्रियाचा स्कायडायव्हर फेलिक्स बाउमगार्टनर फुग्यातून ३९ किलोमीटर वर गेला, त्यानं उडी मारली आणि थेट खाली आला. वर गेलं की गुरुत्वाकर्षण संपतं हा समजच चुकीचा. ४०० किलोमीटरवरही ते जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असतं. तिथं टिकायला सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटरचा आडवा वेग लागतो. लागणाऱ्या एकूण ऊर्जेतली जेमतेम एक नवमांश चढण्यात जाते, बाकी सगळी या वेगासाठी. फुगा वेग देत नाही.

‘तोफेनं हे १९६६ मध्येच जमलं होतं.’ कॅनडाचे अभियंते जेराल्ड बुल यांच्या तोफेनं अमेरिकेतल्या युमा इथून तेव्हा १८० किलोमीटरची उंची गाठली, हे खरं. पण गोळा लगेच परत पडला, आणि तोफ आणखी दमदार करूनही भागलं नसतं. जमिनीवरून एकदाच धक्का मिळालेली वस्तू एकतर पृथ्वी कायमची सोडते, नाहीतर फिरून जमिनीवरच आदळते. कक्षेत राहायला वर गेल्यावर दुसरा धक्का लागतो, आणि तो रॉकेटच देतं.

‘स्पिनलाँचनं रॉकेट हद्दपार केलं.’ स्पिनलाँच ही वस्तू गरगर फिरवून भिरकावणारं यंत्र बनवणारी अमेरिकी कंपनी. न्यू मेक्सिकोत त्यांनी हवा काढून टाकलेल्या ३३ मीटर व्यासाच्या दालनात चाचण्या घेतल्या, पण कक्षेत काहीच पाठवलं नाही. त्यांच्या मूळ आराखड्यातही फेकलेल्या वस्तूच्या पोटात रॉकेट आहेच. शिवाय पूर्ण आकाराच्या नियोजित यंत्रात ४५ मीटरच्या भुजेवर सेकंदाला २.१ किलोमीटर वेग म्हणजे दहा हजार जी, म्हणजेच जमिनीवरच्या गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट. एक किलोच्या सुट्या भागावर दहा टनांचा भार! सर्किटं तगवता येतात. सौर पंख आणि दुर्बिणीचे आरसे तगवणं फार अवघड.

इंधनाचं म्हणाल, तर प्रक्षेपणाच्या खर्चात त्याचा वाटा किरकोळच असतो. महाग पडतं ते दर वेळी इंजिनं नि टाक्या फेकून देणं.

भिरकावण्याच्या या कल्पनांना खरा वाव चंद्रावर आहे. तिथं हवेचा अडथळा नाही आणि सेकंदाला २.४ किलोमीटर वेग मिळाला की माल चंद्राच्या पकडीतून सुटतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ’नील यांनी विद्युतचुंबकीय प्रक्षेपकाची, म्हणजे विजेच्या चुंबकांनी माल वेगानं ढकलणाऱ्या यंत्राची कल्पना १९७० च्या दशकात मांडली, ती चंद्रावरूनच माल फेकण्यासाठी.