कारण द्या

गणित सोडवता येणे आणि तेच गणित आठवीतल्या कन्येला समजावून सांगता येणे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, हे मला कुणीही वेळीच सांगितले नाही. अपूर्णांकाने भागायचे असेल, तर भाजकाचा छेद वर आणि अंश खाली करून गुणावे, हे मी झोपेतही सांगू शकतो. आमच्या पिढीने ते निमूटपणे केले, कारण शंका विचारणाऱ्याला आणखी दहा उदाहरणे मिळत असत. कन्येने मात्र पेन्सिल खाली ठेवली. "पण उलटं का करायचं?"

मी थोरांचा आधार घेतला. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त हाच नियम दिला आहे, असे मी भारदस्त आवाजात सांगितले. "त्यांनी कारण दिलंय का?" नियमाच्या श्लोकात ते नाही. पावणेनऊशे वर्षे बिनबोभाट चाललेला नियम आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन अडला. शेवटी, जिला पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे अपूर्णांकांचे सगळे पाढे अजून तोंडपाठ आहेत, त्या माझ्या आईने स्वयंपाकघरातूनच निकाल दिला, "तीन किलो पोह्यांच्या पाव-पाव किलोच्या पुड्या बांध आणि मोज." बारा झाल्या. पावाने भागणे म्हणजेच चाराने गुणणे, हे कन्येला पटले. मलाही पटले, पण ते मी चेहऱ्यावर दिसू दिले नाही.

बीजगणितात वडिलांचे वय मुलाच्या तिप्पट होते आणि दहा वर्षांनी ते दुप्पट होणार होते. मुलाचे वय क्ष मानून ३क्ष + १० = २क्ष + २० असे समीकरण मांडले आणि पदे इकडून तिकडे नेताना चिन्हे बदलली, तोच ठरलेला प्रश्न आला. या खेपेस मी तयारीत होतो. पद कुठेही जात नाही, आपण दोन्ही बाजूंतून तेवढेच वजा करतो, असे मी विजयी मुद्रेने सांगितले. मुलगा दहाचा आणि वडील तिशीचे निघाले. "मग ‘पलीकडे नेतात’ असं खोटं का शिकवतात?" यावर मी जेवायला वाढायला सांगितले.

भूमितीत मात्र देव माझ्या बाजूने उभा राहिला, कारण तिथे पुस्तकच प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण मागते. एकमेकांना दुभागणारे दोन रेषाखंड, त्यांची टोके जोडून झालेले दोन त्रिकोण आणि ते एकरूप आहेत हे साध्य. दिवसभर ‘का’ विचारणारी मुलगी आता म्हणत होती, "दिसतंय ना डोळ्यांनी! कारण कशाला हवं?" छेदबिंदूपाशी विरुद्ध कोन समान, दोन्हीकडच्या बाजू समान, म्हणून बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी, एवढे मी तिच्याकडून वदवून घेतले. कोकोको लावू नकोस, कारण तिन्ही कोन सारखे असूनही एक त्रिकोण मोठा आणि एक लहान असू शकतो, अशी सूचनाही केली. ती तिने कंटाळून वहीत उतरवली आणि पुढे कंसात कारण लिहिले : बाबांनी सांगितले. विरुद्ध कोन आणि बाकोबा यांच्या पंक्तीत माझी वर्णी लागल्याचा आनंद एक रात्र टिकला. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यावर लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिले, "हे कारण ग्राह्य नाही."